दाभोळ खाडीचे जुने धनी

‘दाभोळ’ हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले ते एन्रॉनमुळे. गंमत अशी की तो वीज प्रकल्प दाभोळात नाहीच. तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला उभा राहिला. अलीकडचे, दापोली तालुक्यातले दाभोळ गाव नावापुरते वापरले गेले. या खाडीच्या बाबतीत असे पूर्वीपासून होत आले आहे. मोठ्या कागदांत नाव बंदराचे, किल्ल्याचे, कंपनीचे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे खारे पाणी वापरले, अडवले आणि ओळखले, त्या भोई, खारवी, दालदी, कातकरी आणि कुणबी माणसांचे नाव त्या कागदांत फारसे नाही.

इतिहासाची हौस म्हणून हा विषय काढलेला नाही. आज खाडीकाठचा नकाशा होतो, बंधाऱ्याची यादी होते, सांडपाण्याचा पंचनामा होतो. त्या प्रत्येक वेळी ‘इथली वहिवाट काय?’ असा प्रश्न येतो आणि गावाकडे दाखवायला कागद नसतो. म्हणून आधी खाडी समजून घेऊ, मग कागदाकडे वळू.

गोवळकोटपर्यंत समुद्र

वाशिष्ठी सह्याद्रीत तिवऱ्याच्या बाजूला उगम पावते, चिपळूण शहरावरून वाहते, पुढे खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दाभोळला ती समुद्रात जाते. पण नदी समुद्राला मिळते हे अर्धेच खरे. समुद्रही दिवसातून दोनदा नदीला भेटायला वर चढतो. भरतीचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर आत जाते. एवढ्या लांबीची खाडी असल्यामुळेच घाटावरचा माल आणि समुद्रावरचा माल इथे एकमेकांना भेटला.

कुंभार्ली घाटाने कराडकडचा माल चिपळुणात उतरायचा. गोवळकोटच्या धक्क्यावर तो मचव्यांत, पडावांत भरायचा आणि ओहोटीबरोबर दाभोळला जायचा. येताना भरतीवर स्वार होऊन नारळ, सुके मासे, मुंबईचा माल वर यायचा. आगबोटींच्या काळात मुंबईहून येणारा चिपळूणचा उतारू दाभोळला उतरून पुढे खाडीनेच जायचा. पुढे महामार्ग सुधारला, एसटी गावोगाव पोचली, आगबोटी बंद पडल्या आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. खाडीची वाहतूक संपली ती अशी. आज उरली आहे ती दाभोळ-धोपावे फेरीबोट. २००३ पासून ती गाड्या आणि माणसे पलीकडे नेते आणि दापोली-गुहागरचा मोठा वळसा वाचवते.

घोड्यांचे बंदर

दाभोळ किती जुने? गावात दालभ्येश्वराचे देऊळ आहे आणि गावाच्या नावाचा संबंध लोक त्याच्याशी जोडतात. पण पक्का पुरावा हवा असेल तर थोडे आत जावे लागते. दापोली तालुक्यातच कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. सुरुवात बौद्ध भिक्षूंची, नंतर तांत्रिक बौद्ध पंथ, मग गाणपत्य आणि शेवटी नाथपंथ. एकाच डोंगरात एवढे पंथ शेकडो वर्षे नांदले. तिथे सापडलेला शिलाहारांचा ताम्रपट शके १०६१, म्हणजे इ. स. ११३९ सालचा आहे. बंदराकडून घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर राबता असल्याशिवाय एवढी लेणी कोरली जात नाहीत आणि इतकी वर्षे जागती राहत नाहीत.

बहामनी काळात दाभोळ भरात आले. इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी दख्खनमध्ये फिरत होता. परतीच्या प्रवासात त्याने दाभोळलाच जहाज धरले आणि तो होर्मूझकडे निघाला. दाभोळ हे मोठे बंदर असून तिथे घोडे उतरतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. दख्खनच्या सुलतानांचे घोडदळ अरबी आणि इराणी घोड्यांवर उभे होते. दाभोळच्या वाळूवर उतरलेला घोडा घाट चढून बिदरला, पुढच्या काळात विजापूरला पोचत असे.

या वैभवावर फिरंग्यांची नजर गेली. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या आल्मेदाने वाटेत, १५०८ च्या डिसेंबरअखेरीस, दाभोळ जाळले आणि लोकांची कत्तल केली. चौलच्या लढाईत दाभोळच्या कोळ्या-खारव्यांचा काय संबंध होता? पण मार बसला तो त्यांना. गाव पुन्हा उभे राहिले. १५४७ साली जुआंव द कास्त्रोने ते पुन्हा उद्ध्वस्त केले. तरी गाव पुन्हा वसले.

आदिलशाहीच्या काळातली शाही मशीद आजही खाडीच्या काठावर घुमट आणि मिनार घेऊन उभी आहे. विजापूरच्या शहाजादीने ती बांधली, अशी आख्यायिका गावात सांगतात. दुसऱ्या बाजूला चंडिकादेवीचे भुयारातले देऊळ आहे. समईच्या उजेडात वाकून आत जावे लागते. १६६१ च्या सुमारास दाभोळ शिवरायांच्या स्वराज्यात आले. पलीकडच्या अंजनवेलचा किल्ला बराच काळ जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी तो जिंकला आणि त्याचे नाव गोपाळगड ठेवले. पुढे पेशवे, मग १८१८ साली इंग्रज. धनी बदलले, झेंडे बदलले. खाडीत जाळे टाकणारा मात्र तोच राहिला.

तिथीवर चालणारे घड्याळ

खाडीच्या तोंडाशी, दाभोळ-वेलदूरच्या बाजूला खारवी, कोळी आणि दालदी मच्छीमार. ते समुद्रात जाणारे. आत, खेड आणि चिपळूण तालुक्यांतल्या कोतवली, सोनगाव, करंबवणे अशा गावांकडे भोई. ते खाडीत राहणारे. पूर्वी पालख्या-मेणे वाहणे आणि नदीत मासे धरणे ही भोयांची दोन कामे. पालख्या गेल्या, खाडी राहिली. वरच्या अंगाला ओढ्याकाठी, रानाकडेला कातकरी. खैराचा कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगल कमी झाल्यावर खेकडे, मासे आणि मजुरीवर त्यांचा गुजारा आला.

या माणसांकडे घड्याळापेक्षा जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणायचे आणि चाराने भागायचे. येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ. चतुर्थीला तीनचा सुमार, अष्टमीला सहाचा, पौर्णिमेला-अमावास्येला सव्वाअकराचा. ही वेळ खाडीच्या तोंडाची. पाणी वर चढायला वेळ लागतो, त्यामुळे आतल्या गावाने तेवढा उशीर जमेस धरायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणात पाणी जोरात चढते, जोरात उतरते. भांगात ते सुस्त असते. कोणत्या पाण्यावर पाग फेकायचा, कधी खुंटे रोवून जाळे आडवे लावायचे, कधी घरी बसायचे, हे सगळे यावरून ठरते.

बोय, काळुंदर, तांबोशी, मुडदुशी, कोळंबी, चिंबोऱ्या ही खाडीची मिळकत. ओहोटी लागली की बायका कालवे फोडायला आणि मुळे काढायला खडपात नि चिखलात उतरतात. डोक्यावर पाटी घेऊन वरच्या वाड्यांत मासे विकणाऱ्या त्याच. पूर्वी कुणबिणीच्या अंगणात मासे मापून द्यायचे आणि भात मापून घ्यायचे, असा व्यवहार जुनी माणसे सांगतात. म्हणजे खाडीतला आणि शेतातला माणूस एकाच ताटात जेवत होता. चुलीत जाणारे लाकूडही तिवरीचेच असायचे. त्याच तिवरीच्या मुळांत कोळंबीची पिल्ले वाढतात, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून तोडले तरी मुळासकट उपटले नाही.

बांध, उघाडी आणि रहू

खाडीकाठच्या शेतकऱ्याची करामत म्हणजे खारबांध. भरतीचे पाणी जिथे पसरायचे ती खाजण जमीन दगडमातीचा बांध घालून अडवायची आणि तिच्यात भात पिकवायचे. बांधाला उघाडी ठेवायची. उघाडीचे झाप असे बसवतात की भरतीच्या पाण्याचा दाब आला की ते आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की आतल्या पावसाच्या पाण्याने ढकलले जाऊन उघडते. ना वीज, ना इंजिन. समुद्राच्या जोरावर समुद्रालाच अडवायचे.

उन्हाळ्यात या जमिनीत खालचा खारेपणा वर येतो आणि मातीवर मीठ फुटते. पहिल्या पावसाने ते धुऊन उघाडीतून बाहेर काढायचे. घाई केली तर रोप जळते. मीठ उतरले की मोड आणलेले बी, म्हणजे रहू, चिखलात फेकायचे. काळा राता, भुरा राता अशा जुन्या जाती खारट पाणी सोसणाऱ्या. त्यांच्यावर पुढे शास्त्रज्ञांनीही काम केले. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले आणि त्याच्या पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ नावाच्या खारजमिनीच्या भातजाती दिल्या. शेतकऱ्याने राखलेल्या बियाण्याशिवाय हे काम उभे राहिले नसते.

या शेतीचा एकच दुश्मन, खांड. बांधाला उंदराचे, खेकड्याचे बीळ पडले, उधाणाचे पाणी त्यातून शिरले की रात्रीत खांड जाते. एकदा खारे पाणी आत भरले की जमीन पुन्हा ताळ्यावर यायला दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणून पूर्वी उधाणाच्या दिवसांत बांधावर पहारा असे आणि खांड पडली तर घरटी एक माणूस यायलाच लागे. मुंबईची नोकरी आली, घरे बंद झाली. घरटी माणूस कुठून आणायचा? बांध पडले ते मुख्यतः माणसे कमी झाल्यामुळे.

सरकारने १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली खारभूमी विकासाचा नवा कायदा आला. खारभूमी खाते बांध घालते, दुरुस्त करते. पण बांध सरकारी यादीत आहे की खासगी, यावर खर्च कोणाचा हे ठरते. यादीत नसलेल्या बांधाला वाली नाही.

इथे शेतकऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. खांड वर्षानुवर्षे उघडी राहिली की शेतात तिवर उगवते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडायला बंदी घातली, २०१८ साली अंतिम निकालात ती कायम केली आणि भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. कांदळवन राखलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. ते लाटांचा जोर मोडते, माशांची पिल्ले सांभाळते. पण सातबाऱ्यावर भात आणि जागेवर तिवर अशी जमीन झाली की ती पुन्हा शेतीत आणणे जवळपास अशक्य होते. तेव्हा खांड दहा वर्षांनी नव्हे, त्याच साली बुजवायची.

पाणी बदलले

गेल्या साठ वर्षांत खाडीचे पाणीच बदलले. १९६२ पासून कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजघरातून पश्चिमेला सुटू लागले. कृष्णा तंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा ठरवली. जी वाशिष्ठी उन्हाळ्यात बारीक व्हायची, तिला बारमाही गोडे पाणी मिळू लागले. वरच्या गावांना त्याचा फायदा झाला. खारट-गोड पाण्याची जुनी सीमा मात्र सरकली आणि त्या सीमेवर राहणाऱ्या माशांचा हिशेब बिघडला.

दुसरा बदल लोटे-परशुरामचा. तिथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिचे सांडपाणी खाडीत येऊ लागले. सामुदायिक प्रक्रिया केंद्र झाले, तरी मासे मरून वर येण्याच्या घटना पुनःपुन्हा घडल्या. भोयांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. अडचण कुठे येते? मासा मेलेला दिसतो, पण पाणी थांबत नाही. साहेब येईपर्यंत दोन भरत्या होऊन जातात आणि नमुन्यात काही सापडत नाही. खाडी स्वतःच पुरावा धुऊन नेते.

तिसरा बदल खाडीच्या तोंडाशी. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला, २००१ साली बंद पडला आणि २००५ साली प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला. त्याआधी, जून १९९७ मध्ये, वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलिसांनी बायकांना घरातून ओढून मारहाण केली. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने १९९९ च्या अहवालात त्याची नोंद घेतली. वेलदूरच्या बायांचे म्हणणे कागदावर आले, तेही न्यूयॉर्कच्या संस्थेच्या कागदावर!

चौथी गोष्ट गाळाची. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे दिवस उधाणाचे. वरून अतिवृष्टीचे पाणी, खालून चढणारी भरती आणि मध्ये गाळाने उथळ झालेले पात्र. नंतर गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पण कोणत्या वळणावर गाळ बसतो, कोणता डोह बुजला, हे भोयाला होडीच्या काठीने कळते. त्याला विचारले का, हा प्रश्न राहतोच.

गावाने आता काय करावे

ग्रामसेवक, तलाठी, सरपंच आणि गावकरी यांनी मनावर घेतले तर पुढील कामे गावातच होतात. मुंबईला जायला नको.

पहिले, जैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. हरित लवादाने मुदत घातल्यावर २०१९-२० मध्ये अनेक ठिकाणी या वह्या घाईघाईत भरल्या गेल्या. आपल्या पंचायतीची वही काढून बघा. बोय, काळुंदर, कालवे, तिवर, राता भात त्यात आहे का? कोणता मासा पूर्वी मिळायचा आणि आता मिळत नाही, हे आहे का? नसेल तर भोईवाडीतल्या, खारवीवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना आणि बायकांना बसवून भरा. कालवांची माहिती बाप्यांना विचारू नका, ती बायकांकडेच आहे.

दुसरे, किनारपट्टी नकाशा. २०११ आणि २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनांखाली किनारा व्यवस्थापनाचे नकाशे होतात. त्यात मच्छीमार वस्त्या आणि मच्छीमारांच्या सामाईक जागा, म्हणजे होड्या लावायची जागा, जाळी आणि मासे वाळवायची जागा, दाखवायला हव्यात. ज्या वाडीची जागा नकाशात नाही, ती उद्या मोकळी जागा ठरते. आपल्या गावाचा नकाशा मागवा, भिंतीवर लावा आणि राहिलेल्या जागा ग्रामसभेच्या ठरावाने कळवा.

तिसरे, बांधांची यादी. गावातला प्रत्येक खारबांध, त्याची उघाडी, त्यावरचे क्षेत्र आणि तो सरकारी की खासगी, याची एक वही करा. खांड पडल्याची तारीख आणि तिथी लिहा. खारभूमी खात्याकडे जाताना ‘आमचा बांध फुटला’ एवढेच सांगण्यापेक्षा गट नंबर आणि क्षेत्र दाखवले की फाईल पुढे सरकते.

चौथे, मासे मेल्यावर करायचे काम. पाण्याचा रंग किंवा वास बदलला की त्याच ओहोटीत स्वच्छ बाटलीत पाणी भरा, मेलेले मासे बर्फात ठेवा, वेळ, तिथी आणि जागा लिहा, फोटो काढा. चिपळूणच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला आणि तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा मागा. सरकारी नमुना वेगळा घेतला जाईलच, पण आपली नोंद वेळेची असते. दोन भरत्यांनंतर तिची किंमत कळते.

पाचवे, कातकरी बांधवांसाठी. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न वापरण्याचा सामूहिक हक्क मागता येतो. वरच्या अंगाच्या गावांनी वनहक्क समितीमार्फत हा दावा करावा. जमिनीच्या तुकड्याचा दावा केला आणि पाण्याचा विसरला, असे होऊ नये.

शाही मशीद, चंडिकेचे भुयार आणि गोपाळगड पाहायला पर्यटक येतात. जरूर यावेत. चार घरांना त्यातून रोजगार मिळतो. पण दगड टिकतात, तिथीचा हिशेब तोंडी असतो. तो सांगणारी माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि नातवंडे मुंबईत आहेत. येत्या गणपतीत आणि शिमग्यात ती गावी येतील. त्या दिवसांत एक संध्याकाळ ठरवून आजोबा-आजींना खाडीवर न्यावे, डोहांची नावे, खडपांची नावे, उघाड्यांची नावे विचारून लिहून घ्यावीत आणि ती यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. खाडीचे जुने धनी कोण, याचे उत्तर पुढच्या वेळी तरी गावाच्या दप्तरात सापडले पाहिजे.